न्यायाधीशाचे पुढचे पद

जानेवारी 2023 मध्ये तत्कालीन केंद्रीय कायदामंत्री किरेन रिजिजू यांनी दिल्लीत वकिलांपुढे बोलताना असे म्हटले होते की, एकदा न्यायाधीश झाल्यावर त्या व्यक्तीला निवडणुकीला सामोरे जावे लागत नाही, लोक तिला बदलू शकत नाहीत; तरीही लोक न्यायाधीशांकडे आणि त्यांच्या निकालांकडे पाहत असतात. शब्दशः घेतले तर यात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. मात्र न्यायवृंदाने (कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशपदांसाठी नावे सुचवणारे ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ) सुचवलेल्या नावांवरून सरकार आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात उघड खडाखडी चालू असताना हे बोलले गेले. त्यामुळे निवडून येतो तो मालक आणि निवडून येत नाही तो आगंतुक, असा सूर त्यातून अनेकांना ऐकू आला. एखादा निकाल मनाविरुद्ध गेला की ‘मग न्यायाधीशही निवडूनच द्या ना’ असे म्हणणारे लोक आपल्याकडे सर्व बाजूंना भेटतात. बहुधा ते रागाच्या भरात बोललेले असते. मला मात्र ही सूचना गांभीर्याने तपासून पाहावीशी वाटते, कारण ज्यांनी हा प्रयोग केला त्यांच्या अनुभवातून आपल्या नेमणुकीच्या पद्धतीतील असा एक दोष दिसतो, जो ‘न्यायवृंद की नियुक्ती आयोग’ या नेहमीच्या वादात झाकला जातो.

अमेरिकेत संघीय न्यायालयांचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट त्यांना संमती देते, हे बातम्यांमुळे आपल्याला ठाऊक असते. पण त्या देशातील बहुतांश खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात, आणि बहुतेक राज्यांत न्यायाधीशाला कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मतदारांपुढे जावे लागते. आपले सर्व न्यायाधीश निवडून देणारे पहिले राज्य मिसिसिपी, साल 1832. न्यूयॉर्कने 1846 मध्ये तीच वाट धरली आणि नंतर राज्यामागून राज्ये त्या मार्गाने गेली. या इतिहासातील सर्वांत उद्बोधक गोष्ट अशी की, निवडणुका आणणाऱ्यांपैकी अनेकांना न्यायाधीश अधिक स्वतंत्र व्हावेत असेच वाटत होते. राज्यपालाने किंवा विधिमंडळाने नेमलेला न्यायाधीश त्यांच्याच तंत्राने चालतो, राजकीय बक्षीस म्हणून पद मिळवतो आणि सरकारच्या उधळपट्टीला आवर घालत नाही, ही तेव्हाची तक्रार होती. 1837 च्या आर्थिक अरिष्टानंतर कालवे आणि रेल्वे यांच्या नादात कर्जबाजारी झालेली राज्ये पाहून लोकांचा विधिमंडळांवरील विश्वास उडाला होता. न्यायाधीशाला स्वतःचा जनाधार मिळाला तर तो सत्ताधाऱ्यांना न घाबरता त्यांचे कायदे रद्द करील, अशी ती अपेक्षा होती, आणि सुरुवातीच्या काळात ती काही प्रमाणात खरीही ठरली.

त्या सुधारकांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. नेमणाऱ्याच्या तावडीतून सुटलेला न्यायाधीश पुन्हा निवडून आणणाऱ्याच्या तावडीत सापडतो, आणि निवडून आणणारा म्हणजे दरवेळी सर्वसामान्य मतदार असतोच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक शहरांत न्यायाधीशांची उमेदवारी पक्षाच्या स्थानिक दादांच्या हाती गेली होती. कॅन्सस सिटीतील टॉम पेंडरगास्ट यांच्या टोळीच्या अनुभवाने वैतागलेल्या मिसुरी राज्याने 1940 मध्ये मधला मार्ग काढला: एका समितीने नावे सुचवायची, राज्यपालाने त्यांतून एक नेमायचे, आणि काही काळाने ‘हा न्यायाधीश राहावा की जावा’ एवढाच प्रश्न मतदारांना विचारायचा. इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. काहींनी मात्र थेट निवडणूकच ठेवली.

थेट निवडणूक ठेवणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियात काय घडले, ते जरा सविस्तर सांगायला हवे. कोळशाच्या व्यवसायातील ह्यू केपर्टन यांनी मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीविरुद्ध दावा लावला होता, आणि 2002 मध्ये ज्यूरीने त्यांना 5 कोटी डॉलरची भरपाई दिली. कंपनीला अपील करायचे होते, आणि ते राज्याच्या पाच न्यायमूर्तींच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जाणार होते. मध्ये 2004 ची निवडणूक आली. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी विद्यमान न्यायमूर्ती वॉरन मॅकग्रॉ यांना पाडण्यासाठी आणि ब्रेंट बेंजामिन या वकिलाला निवडून आणण्यासाठी सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन यांच्या बाकी सर्व समर्थकांनी मिळून जेवढा खर्च केला, त्याहून ही रक्कम मोठी होती. प्रचाराच्या जाहिरातींत कोळशाचा किंवा करारभंगाचा विषय नव्हता. मॅकग्रॉ यांनी एका लैंगिक गुन्हेगाराला मोकळे सोडले, असा त्यांचा रोख होता. बेंजामिन निवडून आले. केपर्टन यांनी त्यांना या अपिलातून बाजूला होण्याची विनंती केली, ती त्यांनी नाकारली, आणि 2007 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाईचा निकाल रद्द झाला. बहुमतातील तिघांत बेंजामिन होते. बहुमतातील आणखी एक न्यायमूर्ती ब्लँकेनशिप यांच्यासोबत फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवत असल्याची छायाचित्रे पुढे आली, तेव्हा त्यांना फेरसुनावणीतून बाजूला व्हावे लागले. फेरसुनावणीचा निकालही तीन विरुद्ध दोन असाच लागला.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. जून 2009 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटले की, बेंजामिन यांनी बाजूला व्हायला हवे होते. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी बेंजामिन यांच्या मनात खरोखर पक्षपात होता की नाही, हा प्रश्न मुद्दामच सोडवला नाही. स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. स्वतःच्या खटल्यासाठी कोणी न्यायाधीश निवडला तर तीच भीती उभी राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकरण परत वेस्ट व्हर्जिनियात गेले आणि नोव्हेंबर 2009 मध्ये, बेंजामिन यांच्याशिवाय बसलेल्या न्यायालयानेही चार विरुद्ध एक मताने निकाल कंपनीच्याच बाजूने दिला.

या शेवटच्या वळणाकडे बरेच लोक दुर्लक्ष करतात. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कदाचित बेंजामिन यांनी कायद्याचा लावलेला अर्थ प्रामाणिक होता. कदाचित 30 लाख डॉलर खर्च झाले नसते तरी त्यांनी तोच निकाल दिला असता. पण हे खात्रीने सांगण्याचा मार्ग आता कोणाकडेच उरला नाही, खुद्द बेंजामिन यांच्याकडेही नाही, कारण स्वतःच्या मनावरचे ऋण माणसाला स्वतःला नेमके मोजता येत नाही. निःपक्षपातीपणा हा न्यायाधीशाच्या अंगचा गुण असतो हे खरे. पण हरलेल्या पक्षकाराने घरी जाताना काय समजावे, याच्याशीही त्याचा तेवढाच संबंध असतो. विरुद्ध निकाल पचवण्याची तयारी केवळ एका गोष्टीवर टिकते: समोर बसलेल्या माणसाला माझ्या हरण्यातून काही मिळणार नव्हते, हा भरवसा.

पैशाचे आकडे त्यानंतर वाढतच गेले आहेत. एप्रिल 2025 मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका, अक्षरशः एका, जागेच्या निवडणुकीत सुमारे 10 कोटी डॉलर खर्च झाले, आणि त्यांतील 2 कोटींहून अधिक एकट्या ईलॉन मस्क व त्यांच्याशी संबंधित गटांचे होते. त्यांचा उमेदवार हरला, म्हणून काहींनी लोकशाही जिंकल्याचा आनंद साजरा केला. जिंकलेल्या बाजूनेही कोट्यवधी डॉलरच्या देणग्या घेतल्या होत्या, ही गोष्ट त्या आनंदात विरून गेली.

तरीही पैसा हा दुय्यम मुद्दा आहे, कारण उद्या सरकारी निधीतून, एक रुपयाही खासगी देणगी न घेता निवडणूक घेतली तरी पुढची अडचण सुटत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे एक माजी न्यायमूर्ती ऑटो काउस यांनी तिचे वर्णन मगरीच्या दाखल्याने केले होते. फेरमतदान जवळ आलेले असताना वादग्रस्त खटल्याचा निकाल देणे म्हणजे, सकाळी दाढी करायला न्हाणीघरात गेल्यावर तिथल्या टबात मगर बसलेली असणे. तिच्याकडे पाहायचे नाही असे तुम्ही ठरवता, पण दाढी करताना दुसरे काही सुचतही नाही. कॅलिफोर्नियात ही मगर 1986 मध्ये प्रत्यक्ष चावली. मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड यांनी फाशीच्या 61 प्रकरणांत प्रत्येक वेळी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले होते. मतदारांनी त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना एकाच दिवशी घरी पाठवले. बर्ड यांची भूमिका मला पूर्णपणे पटते असे नाही. 61 पैकी 61 हा आकडा पाहून, निर्णय खटला वाचण्याआधीच झालेला असावा, अशी शंका कोणालाही येईल. प्रश्न त्यांच्यानंतर आलेल्यांचा आहे. त्यांनी फाशीच्या शिक्षा मोठ्या प्रमाणावर कायम केल्या. त्या कायद्याने की मगरीने, हे कोण सांगणार?

पेनसिल्व्हेनियात दर दहा वर्षांनी मतदारांपुढे जाणाऱ्या न्यायाधीशांच्या शिक्षांचा अभ्यास ग्रेगरी ह्यूबर आणि सॅनफर्ड गॉर्डन या राज्यशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केला. मतदान जसजसे जवळ येत जाते तसतसे हेच न्यायाधीश गंभीर गुन्ह्यांत अधिक कडक शिक्षा देऊ लागतात, असे त्यांना आढळले. आरोपीला किती वर्षे तुरुंगात काढावी लागतील हे त्याच्या कृत्याबरोबरच दिनदर्शिकेवरही ठरत असेल, तर त्याला लोकांप्रति उत्तरदायित्व म्हणायचे का? निवडणुकीचे समर्थक म्हणतात की लोकभावनेला मान दिला तर बिघडले काय. बिघडते ते असे की, कायदा करताना लोकभावना ऐकायची असते, कारण कायदा सर्वांना लागू होतो आणि त्याचा चटका मतदारालाही बसू शकतो. एका विशिष्ट माणसाच्या खटल्यात मात्र लोकभावना बहुतेक वेळा त्या एकट्याविरुद्ध सर्व, अशीच उभी राहते. आयोवा राज्यात 2009 मध्ये सर्व न्यायमूर्तींनी एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी ज्या तिघांची मतदारांपुढे जाण्याची पाळी होती ते तिघेही गेले. बाकीच्यांची पाळी नव्हती, म्हणून ते राहिले.

मेक्सिकोने या सगळ्यापुढची मजल मारली. सप्टेंबर 2024 च्या घटनादुरुस्तीने तिथले सर्व न्यायाधीश निवडून द्यायचे ठरले आणि 1 जून 2025 रोजी पहिले मतदान झाले. संघीय न्यायव्यवस्थेतील 881 पदे त्या एका दिवशी भरायची होती. मतदाराच्या हाती कधीही न ऐकलेल्या नावांनी भरलेल्या अनेक रंगीत मतपत्रिका आल्या. मतदान झाले सुमारे 13 टक्के. कोणाची नावे निवडायची याच्या छापील चिठ्ठ्या आधीच वाटल्या गेल्या होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयावर निवडून आलेल्या नऊही जणांची नावे त्या चिठ्ठ्यांत होती. पदांच्या जोडीला, न्यायाधीशांना शिक्षा करणारे पाच सदस्यांचे न्यायाधिकरणही निवडूनच आले, आणि त्याच्या निर्णयावर अपील नाही. खालच्या न्यायाधीशांची मुदत नऊ वर्षांची आहे आणि त्यांना पुन्हा उभे राहता येते, म्हणजे मगर पाळण्याची सोयही झाली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मेक्सिकोच्या जुन्या व्यवस्थेत नातेवाइकांची भरती हा खरा रोग होता, आणि नव्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षपदी ह्यूगो अगिलार ओर्तीस हे मिश्तेक या मूलनिवासी समाजातील वकील बसले, हे जुन्या व्यवस्थेत सहजासहजी झाले नसते. ‘निवडून द्या’ या मागणीमागे नेहमी अडाणी संतापच असतो असे मानणे ही आपली सोय आहे. आपल्याकडे विधि आयोगाने 2009 च्या आपल्या 230 व्या अहवालात ‘काका न्यायाधीशां’चा प्रश्न मांडला: ज्या उच्च न्यायालयात घरचे लोक वकिली करतात तिथेच न्यायाधीश म्हणून बसणारे. 2018 पासून उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक सर्वसाधारण प्रवर्गातील आहेत, हे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायमूर्ती, फातिमा बीबी, यायला 1989 उजाडले. बंद दाराआड नावे ठरतात तेव्हा ती ओळखीच्या वर्तुळातूनच येतात, याला कोणाच्या दुष्टपणाची गरज नसते.

आता आपल्याकडे वळू. संविधान सभेत 24 मे 1949 रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा थेट निवडणूक हा पर्याय कोणाच्या डोळ्यांपुढेही नव्हता. वाद होता तो सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी की नाही यावर. डॉ. आंबेडकरांनी ती सूचना नाकारताना सांगितले की, सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी सामान्य माणसाचे सर्व दोष, भावना आणि पूर्वग्रह असलेला तो माणूसच, आणि अशा एका माणसाच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे आहे. न्यायवृंदावर टीका करणारे हे विधान हमखास उद्धृत करतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच चर्चेत प्रा. के. टी. शाह यांनी आणखी एक सूचना केली होती, जिची आठवण फारशी कोणी काढत नाही: न्यायाधीशाला नंतर सरकारी पद घेता येऊ नये. बाबासाहेबांनी तीही नाकारली. न्यायालये मुख्यतः नागरिका-नागरिकांमधील वाद सोडवतात, सरकारचा त्यांत क्वचितच संबंध येतो, त्यामुळे सरकारने न्यायाधीशावर प्रभाव टाकण्याची शक्यता फार दूरची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 1949 मध्ये ते पटण्यासारखे होते. आज सरकार हाच देशातील सर्वांत मोठा पक्षकार आहे.

हा अंदाज चुकायला पंचवीस वर्षेही लागली नाहीत. 24 एप्रिल 1973 रोजी, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, आणि लगेच न्या. शेलट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर यांची ज्येष्ठता डावलून न्या. अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. डावलले गेलेले तिघेही सरकारच्या विरोधात निकाल देणाऱ्यांतले होते. 1976 मध्ये आणीबाणीतील स्थानबद्धांचा न्यायालयात जाण्याचा हक्क नाकारणाऱ्या निकालात एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. या मोठ्या कहाण्या सर्वांना ठाऊक आहेत. महाराष्ट्राच्या जवळची एक लहान कहाणी कमी ठाऊक आहे. सोलापूरकडचे न्या. उमेश लळित मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत त्यांनी काही तरुणांना जामीन दिला, आणि मुदत संपल्यावर त्यांना कायम करण्यात आले नाही. त्यामागचे कारण तो जामीनच होता, असे वकीलवर्गात सर्रास मानले जाते. पुढे त्यांनी दिल्लीत वकिलीत मोठे नाव कमावले आणि त्यांचे चिरंजीव 2022 मध्ये सरन्यायाधीश झाले, हा भाग वेगळा. अतिरिक्त न्यायाधीशाची दोन वर्षांची मुदत आणि नंतरचे कायम होणे, ही आपल्या न्हाणीघरातील मगर आहे. फरक एवढाच की अमेरिकेत ती मतदाराची असते. आपल्याकडे कधी सरकारची, कधी वरिष्ठ न्यायमूर्तींची.

1993 च्या निकालाने नेमणुकीची सूत्रे न्यायवृंदाकडे आली, 2015 मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती चार विरुद्ध एक मताने रद्द झाली, आणि तेव्हापासून न्यायाधीश कोणी नेमायचे यावर आपण अखंड भांडत आहोत. पहिल्या नेमणुकीचा हा वाद मला गौण वाटतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश संसदेची सभागृहे निवडतात, म्हणजे उघडच राजकारणी निवडतात. पण दोन तृतीयांश बहुमताची अट असल्यामुळे विरोधकांनाही पटेल असे नाव शोधावे लागते, आणि मुख्य म्हणजे बारा वर्षांची मुदत एकदाच मिळते, दुसरी नाही. स्वित्झर्लंडमध्येही संघीय न्यायाधीश संसदच निवडते, मात्र दर सहा वर्षांनी पुन्हा. तिथे न्यायाधीश आपल्या पक्षाला पगारातून वर्गणी देतात, आणि त्यावर जनमत घेण्याची वेळ आली होती. दोन्हीकडे निवडणारे तेच, तरी एका न्यायाधीशाला आपल्या पक्षाची मर्जी सांभाळावी लागते आणि दुसऱ्याला लागत नाही.

न्यायाधीश कोणत्या दाराने आत आला, यापेक्षा त्याला पुढे कोणाच्या दारात उभे राहायचे आहे, यावर त्याचा निःपक्षपातीपणा अधिक ठरतो, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे निःस्पृहतेचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुणे येतातच; पण रामशास्त्रींना नेमले होते पेशव्यांनीच, हे आपण विसरतो. नारायणरावांच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही, असे राघोबादादांच्या तोंडावर सांगणे त्यांना शक्य झाले, कारण पद सोडून पुण्याबाहेर पडण्याची त्यांची तयारी होती. त्यांना दादांकडून पुढचे काही नको होते.

यावर एक भक्कम आक्षेप येतो. अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशांना तर तहहयात पद असते, त्यांना पुढे काहीच नको असते, तरी त्यांचे निकाल त्यांना नेमणाऱ्या पक्षानुसार ठरलेले दिसतात. मग पुढच्या पदाचा दोष किती? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. नेमणूक पक्षीय असली तर न्यायाधीशाची विचारसरणी पक्षीय असते, हे तिथे दिसते. मात्र विचारसरणी आणि मिंधेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डिसेंबर 2020 मध्ये अध्यक्षीय निवडणुकीतील चार राज्यांचे निकाल उलटवण्यासाठी टेक्सासने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा ट्रम्प यांनी स्वतः नेमलेल्या तीन न्यायमूर्तींनीही त्यांना हवा तो निर्णय दिला नाही. त्यांची गर्भपाताविषयीची मते आधीपासून ठरलेली होती, पण ट्रम्प यांच्याकडून त्यांना काही मिळायचे उरले नव्हते. मतेच नसलेला न्यायाधीश मिळत नाही, आणि मिळाला तर तो नकोच. तीस वर्षे कायद्यात घालवून ज्याचे कायद्याविषयी काही मत बनले नाही, त्याच्या हाती मी माझा खटला देणार नाही.

जुलै 2023 मध्ये राहुल गांधी यांच्या मानहानी प्रकरणाची सुनावणी सुरू होताना अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी आपण होऊन सांगितले की, त्यांच्या वडिलांचा काँग्रेसशी दीर्घकाळ संबंध होता, भाऊ आजही राजकारणात आहेत, कोणाची हरकत असेल तर त्यांनी आत्ताच सांगावे. दोन्ही बाजूंनी हरकत घेतली नाही. वेस्ट व्हर्जिनियात जे झाले नाही ते इथे झाले, आणि त्याला नवा कायदा लागला नाही. पार्श्वभूमी प्रत्येकाला असते. ती उघड सांगितली की पक्षकाराला निदान निवड उरते. याच गवई यांनी सरन्यायाधीशपद स्वीकारताना निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नसल्याचे जाहीर केले होते.

ही घोषणा बातमीचा विषय झाली, यातच सारे आले. न्या. सदाशिवम 2014 मध्ये केरळचे राज्यपाल झाले; न्या. गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत, मार्च 2020 मध्ये, राज्यसभेवर नामनियुक्त झाले, न्या. अब्दुल नझीर 2023 मध्ये निवृत्तीनंतर दीड महिन्याच्या आत आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. काँग्रेसच्या काळात न्या. बहरुल इस्लाम 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देऊन पक्षाच्या राजकारणात परतले होते, म्हणजे एका पक्षाने दुसऱ्याला बोट दाखवण्याजोगे यात काही नाही. निवृत्तीपूर्वीच्या निकालांवर निवृत्तीनंतरच्या पदांचा प्रभाव पडतो, हे 2012 मध्ये विरोधी पक्षात असताना अरुण जेटली यांनीच म्हटले होते.

शाह यांच्यानंतर हा धोका ज्यांनी स्पष्ट शब्दांत मांडला ते मुंबईचे मोतीलाल सेटलवाड. त्यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात शिफारस केली की, उच्च पदावरील न्यायाधीशांना निवृत्तीनंतर सरकारी नेमणूक घेण्यास बंदी असावी. आयोगाचे एक सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद करीम छागला, आणि त्याच वर्षी ते पद सोडून अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले. पुढे केंद्रात मंत्रीही झाले. सेटलवाड यांनी यावर नंतर कडक नाराजी नोंदवली. आता गंमत अशी की छागला सरकारधार्जिणे होते असे म्हणण्याची सोय नाही: त्याच 1958 मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीवरून गाजलेल्या मुंदडा प्रकरणाच्या त्यांच्या एकसदस्य चौकशीने अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना घरी जावे लागले होते. म्हणजे इथेही बेंजामिन यांच्यासारखीच गत. माणूस बहुधा स्वच्छ, पण पुढच्या पदामुळे मागच्या कामाकडे संशयाने पाहण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

उत्तरदायित्वाचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो टाळता येणार नाही. न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा महाभियोगाचा ठराव 11 मे 1993 रोजी लोकसभेत आला, तेव्हा 196 जणांनी बाजूने मत दिले, विरोधात एकानेही नाही, आणि 205 सदस्य तटस्थ राहिल्यामुळे ठराव पडला. त्यामुळे गैरवर्तनाची चौकशी राजकारणापासून दूर, ठरलेल्या मुदतीत करणारी यंत्रणा हवीच. पण गैरवर्तनाचा जाब आणि निकालाचा जाब यांत गल्लत झाली की मेक्सिकोच्या दिशेने पाऊल पडते. नेमणुकीच्या बाबतीत ब्रिटनने 2006 पासून जे केले तेवढे तरी आपण करू शकतो: रिकाम्या जागांची जाहिरात, उमेदवारांचे अर्ज, आणि निवड करणाऱ्या आयोगात न्यायाधीश आणि वकील यांच्याबाहेरचे लोक. त्याने ओळखीचे वर्तुळ थोडे रुंदावेल. अतिरिक्त न्यायाधीशांचा उमेदवारीचा काळ बंद करून थेट कायम नेमणूक करावी. उच्च न्यायालयातील 62 आणि सर्वोच्च न्यायालयातील 65 हे निवृत्तीचे वय वाढवून, त्यानंतर पूर्ण पगाराइतके निवृत्तिवेतन द्यावे. न्यायाधिकरणे आणि आयोग यांना निवृत्त न्यायाधीश लागतातच, असे सांगितले जाते. तर तिथे सेवेतील न्यायाधीश ठरावीक काळासाठी पाठवावेत, किंवा त्या नेमणुका सरकारच्या हातून काढून घ्याव्यात.

उरते ती बंदी. तिच्यासाठी नवे शब्दही शोधावे लागणार नाहीत. महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर केंद्राचे किंवा राज्याचे कोणतेही पद घेता येणार नाही, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद 148 सांगतो. संघ लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षाला अनुच्छेद 319 तेच बंधन घालतो. न्यायाधीशांच्या बाबतीत संविधानाने फक्त वकिलीचा विचार केला: सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश देशातील कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकत नाही. सरकारचे हिशेब तपासणाऱ्याला सरकारकडून पुढचे काही मिळू नये, इतकी काळजी 1949 मध्ये घेतली गेली. सरकारविरुद्धचे खटले ऐकणाऱ्यासाठी तेच वाक्य लागू करायचे, तर अनुच्छेद 124 आणि 217 मध्ये एकेक पोटकलम पुरेल, आणि सेटलवाड यांच्या शिफारशीला आता पासष्टहून अधिक वर्षे झाली आहेत.